लेबल झाकून बघा: हिस्टोची स्लाइड ओळखायची रीत

एका मेडिकल कॉलेजच्या हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, लॅबमध्ये मी २९ वर्षं टेक्निशियन होते. शिकवणं सरांचं आणि मॅडमचं काम. माझं काम तुकडे कापायचं, रंगवायचं, काचेवर चढवायचं आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला येऊन स्पॉटिंग, म्हणजे ओळखायच्या स्लाइड्स, लावायचं. पण प्रॅक्टिकल संपल्यावर मागे रेंगाळणारी पोरं शेवटी माझ्याच टेबलाशी यायची. “ताई, ही कशाची स्लाइड आहे?” मी कधी सांगितलं नाही. “आधी काय दिसतंय ते सांग,” म्हणायची. पोरं चिडायची. कारण त्यांना नाव हवं असायचं, दिसलेलं काहीच नसायचं.

आमच्या पेट्यांमध्ये एक स्लाइड होती, तिचा डावा कोपरा उडालेला. सीनियर ज्युनियरला सांगत आले होते की कोपरा उडालेली म्हणजे प्लीहा, स्प्लीन. एका वर्षी सरांना विचारून सराव परीक्षेत मी तिच्या जागी तसाच कोपरा उडालेली लिम्फ नोडची, म्हणजे लसीकाग्रंथीची, स्लाइड ठेवली. निम्म्या बॅचने प्लीहा लिहिलं, आणि दोन कारणंही लिहिली, तीही प्लीहेचीच. न दिसलेली कारणं! त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही पोरं स्लाइड बघतच नाहीत, पाठ केलेलं आठवतात.

तर पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी माझी रीत सांगते. पुस्तकातली नाही, टेबलावरची आहे.

सुरुवात स्लाइड बनते कशी इथून करा. अर्ध्या शंका तिथेच मिटतात. तुकडा काढला की लगेच १० टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकायचा. तुकडा जाड ठेवला तर औषध आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो. आतड्याचं अस्तर तर बघता बघता सुटायला लागतं. म्हणून आमच्या बऱ्याच स्लाइड्स देहदानातल्या मृतदेहाच्या नसायच्या. कत्तलखान्यातून ताज्या आणलेल्या बकरीच्या असायच्या. पहाटे फॉर्मेलिनची बरणी मांडीवर घेऊन रिक्षात बसलेली मी, हे चित्र आमच्या गावाने बरीच वर्षं पाहिलंय. पुढे चढत्या अल्कोहोलमधून तुकड्यातलं पाणी काढायचं, झायलीनमध्ये बुडवायचं, ६० अंशांच्या आसपास वितळलेल्या मेणात भिजवायचं आणि मेणाची वडी पाडायची. मायक्रोटोमवर ती वडी ५ मायक्रॉनची कापली की चकत्या एकमेकींना चिकटून फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या उलगडल्या की काचेवर उचलायची. मग रंग.

रंग दोन. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं. ते केंद्रकांना निळंजांभळं करतं. इओसिन बाकीच्याला गुलाबी करतं: पेशीद्रव्य, स्नायू, कोलॅजनचे तंतू. हिमॅटॉक्सिलिननंतर स्लाइड नळाखाली धरली की जांभळट लाल रंग निळा होतो, कारण त्याला अल्कधर्मी पाणी लागतं. आमच्या बोअरच्या पाण्याला सगळे नावं ठेवायचे, चहा नासतो म्हणून. पण त्या पाण्यात केंद्रकं काय सुंदर निळी व्हायची!

हे कळलं की काही गोष्टी आपोआप उलगडतात. चरबीच्या पेशी रिकाम्या का दिसतात? चरबी झायलीनमध्ये विरघळून गेली, उरल्या फक्त भिंती. केंद्रक कडेला दाबलेलं, जणू अंगठीतला खडा. थायरॉइडच्या गोलाच्या आत गुलाबी ऐवज कडेपासून सुटलेला का? पाणी काढताना तो आकसला. लांबलचक काळी रेघ म्हणजे घडी पडलेली, चूक माझी. त्या घडीला रक्तवाहिनी म्हणून जर्नलमध्ये चितारणारी पोरं मी पाहिली आहेत.

आता स्लाइड हातात घ्या. मायक्रोस्कोपखाली नाही, आधी पांढऱ्या कागदावर धरा आणि नुसत्या डोळ्यांनी बघा. ही पायरी कोणी करत नाही आणि हिच्याइतकी फुकटची दुसरी नाही. सगळा तुकडा जांभळा असेल तर केंद्रकांची दाटी आहे, म्हणजे लिम्फॉइड काहीतरी, प्लीहा किंवा लिम्फ नोडसारखं. सगळा गुलाबी असेल तर स्नायू किंवा स्नायुबंध. एका काठाला जाड गडद पट्टी असेल तर तळव्याची कातडी. जाळीदार, विरविरीत असेल तर फुफ्फुस. नेच्याच्या पानासारखी नक्षी असेल तर सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू, ते डोळ्यांनीच ओळखता येतं. मधोमध भोक असेल तर नळी. आता कुठली नळी एवढाच प्रश्न उरला.

मग स्टेजवर ठेवा, कव्हरस्लिप वरच्या बाजूला. हे सांगायला नको असं वाटतं ना? दर वर्षी दोघं-तिघं स्लाइड उलटी ठेवतात. ४ आणि १० च्या भिंगाखाली सगळं ठीक दिसतं, ४० लावलं की काही केल्या फोकस होत नाही, आणि मग “ताई, मायक्रोस्कोप बिघडलाय.” मायक्रोस्कोप नाही बिघडला, बाळा. ४० चं भिंग काचेच्या इतकं जवळ येतं की उलट्या स्लाइडची जाडीही त्याला सहन होत नाही. त्याच कारणाने ४० वर मोठा स्क्रू फिरवायचा नाही, फक्त बारीक. दोन्ही एकदम फिरवून फोडलेल्या काचांचा मी एक डबा भरून ठेवला होता.

सुरुवात ४ च्या भिंगाने, आयपीसचे १० धरून ४० पट. सगळा तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून या, शेतावर बांधाने फेरी मारतो तसं. चित्र उलटं दिसतं, म्हणून स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे सरकतं; दोन दिवसांत हाताला सवय होते. उजेड फार असेल तर आयरिस, म्हणजे उजेडाची झडप, थोडी मिटवा. घासून केलेली हाडाची स्लाइड तर कमी उजेडातच बोलते. तिच्यात रंग नसतोच, हॅवर्सच्या, म्हणजे हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या, नळ्यांभोवती वर्तुळं आणि त्यांत हवा भरलेले काळे ठिपके, ज्यांत कधीकाळी पेशी बसल्या होत्या.

फेरी मारताना मनात तीनच प्रश्न. पोकळ की भरीव? पोकळ असेल तर आतल्या काठाला अस्तर कसलं? आणि अस्तराबाहेर थर कोणते?

अस्तर ओळखायचं केंद्रकांवरून, कारण पेशींच्या सीमा बहुधा दिसतच नाहीत. वरच्या थरातली केंद्रकं चपटी असली तर पेशी चपट्या, गोल असली तर घनाकार, उभी लांबट असली तर स्तंभाकार. पुष्कळ थर आणि वर चपट्या, म्हणजे स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस. वरच्या पेशी घुमटासारख्या फुगलेल्या असल्या तर ट्रान्झिशनल, मग मूत्रमार्गाकडे वळा. केंद्रकं वरखाली असून कडेवर बारीक केस असले तर श्वासमार्ग.

अन्ननलिका आणि श्वासनलिका एकमेकींना चिकटून असतात, पण स्लाइडवर गोंधळायचं कारण नाही. श्वासनलिकेत निळसर काचेसारखी कूर्चा, इंग्रजी सी अक्षरासारखी. अन्ननलिकेत कूर्चा नाही, आत जाड स्क्वेमस अस्तर, बाहेर स्नायूंचे थर. स्नायू नीट बघितला तर उंचीही कळते. वरच्या तिसऱ्या भागात आडव्या रेघांचा ऐच्छिक स्नायू, खालच्या भागात गुळगुळीत, मधल्यात दोन्हींची मिसळ.

जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत काठाकडेच बघायचं. जठरात खड्डे, विलाय नाहीत. लहान आतड्यात बोटांसारख्या विलाय. विलाय दिसल्या की नजर खाली सबम्युकोसात, म्हणजे अस्तराखालच्या थरात, न्या: तिथे फिक्या ग्रंथींची गर्दी असेल तर ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), जांभळे लिम्फचे गठ्ठे असतील तर आयलियम (शेवटचा), दोन्ही नसतील तर जेजुनम (मधला). विलाय नाहीत, सरळ उभ्या ग्रंथी आहेत आणि त्यांत श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी खचाखच, तर मोठं आतडं. एवढ्याने पाच स्लाइड्स झाल्या.

यकृतापाशी मात्र थांबते, कारण इथे जर्नलं खोटं बोलतात. पोरं षटकोन काढतात, भोवती जाड भिंत, मधमाशांच्या पोळ्यासारखं. तशा स्पष्ट भिंती डुकराच्या यकृतात असतात. माणसाच्या यकृतात त्या जवळपास नसतात. मध्यशिरेभोवती पेशींच्या रांगा फाकलेल्या, आणि कोपऱ्यांत कुठे कुठे त्रिकूट: धमनी, शीर, पित्तनलिका. समोर माणसाची स्लाइड आणि वहीत डुकराचं यकृत, असं दिसलं की मी ओळखायची की शेजारच्याचं उतरवलंय.

किडनीत गोल गुच्छ दिसले की सगळे खूश. त्या गुच्छांभोवतीच्या नळ्या वेगळ्या करा, मग मी मानते. जास्त गुलाबी, आतलं भोक वेडंवाकडं, केसाळ काठ, केंद्रकं विरळ, ती प्रॉक्झिमल, म्हणजे गुच्छाजवळची. फिकी, भोक स्वच्छ गोल, केंद्रकं जवळजवळ, ती डिस्टल, म्हणजे लांबची. मोजायला गेलात तर प्रॉक्झिमल जास्त भरतील, कारण ती नळी लांब आहे आणि वेटोळी घेत पुन्हा पुन्हा सुरीखाली येते.

आता तिरक्या कापाचं. हे समजलं नाही तर पुस्तकातल्यासारखी स्लाइड शोधत तुमचं वर्ष जाईल. घरी भेंडी चिरायला बसा. आडवी चिरली की चांदणी, तिरकी चिरली की लांबुडकी चांदणी, उभी चिरली की दोन पट्ट्या आणि मध्ये बिया. भेंडी एकच. शरीरातली नळी अशीच. स्लाइडवर एखादी नळी इथे गोल, तिथे लांब, पलीकडे टोकच फक्त, आणि तुम्हाला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बियांचंही तसंच. एखाद्या चकतीत बी येतेच असं नाही. म्हणून पेशी दिसली आणि केंद्रक दिसलं नाही तर ती बिनकेंद्रकाची ठरत नाही, सुरी बाजूने गेली एवढंच. भेंडीवरून आठवलं, मूत्रवाहिनीचं आतलं भोकही चांदणीसारखंच असतं. तिची गल्लत शुक्रवाहिनीशी होते. शुक्रवाहिनीत भोक बारीक आणि भोवती स्नायू इतका जाड की बोटांत धरली तर दोरी वाटावी. मूत्रवाहिनीत ट्रान्झिशनल अस्तर आणि स्नायू बेताचा.

मोजपट्टी बरोबर न्यायची गरज नाही, ती स्लाइडमध्येच असते. कुठल्याही रक्तवाहिनीत लाल पेशी शोधा, माणसाची साधारण ७ मायक्रॉनची, बकरीची त्याहून बरीच लहान. तिच्याशी तुलना केली की बाकी सगळ्यांचे आकार कळतात.

जुळ्या स्लाइड्समध्ये पोरांना सर्वांत जास्त छळतात पॅरोटिड, म्हणजे कानापुढची लाळग्रंथी, आणि स्वादुपिंड. दोन्हींत द्राक्षाच्या घडांसारख्या गडद पेशी. ४० वर जाऊन डोळे फोडू नका, १० वरच फिरत राहा आणि फिक्या बेटांची वाट बघा. गडद घडांमध्ये फिक्या पेशींचा पुंजका दिसला की स्वादुपिंड. बेट सापडलं नाही तर नळ्या बघा: गुलाबी, उभ्या रेघांच्या भिंतीची नळी पॅरोटिडमध्ये भरपूर, स्वादुपिंडात नाही. ही बेटं पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनला आपल्या प्रबंधात वर्णन केली, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. ती कशासाठी आहेत हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याने तसं सांगूनही टाकलं. या बेटांत बनणारं इन्सुलिन हाती आलं १९२१ मध्ये, तोवर तो जाऊन ३३ वर्षं झाली होती. “मला काही दिसत नाही” म्हणणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगायची. तुमच्याच वयाचा होता, त्याने फक्त बघितलं.

जांभळ्या चौघी पटकन उरकते. प्लीहेत बाहेरचा कॉर्टेक्स आणि आतला मेडुला असा भेद नाही. लालसर पसाऱ्यात जांभळी बेटं, आणि प्रत्येक बेटात एका बाजूला सरकलेली बारीक धमनी. लिम्फ नोडमध्ये वेष्टनाखाली फिकी पट्टी आणि कडेने गोल फॉलिकलांची रांग. थायमस या छातीतल्या ग्रंथीत खंड, मधला भाग फिका, त्यात कांद्याच्या पाकळ्यांसारखे गुलाबी गोळे. टॉन्सिलच्या एका काठाला स्क्वेमस अस्तर, आत खोल गेलेलं.

आणि आता थायरॉइड, ज्यात मी स्वतः फसले, किंवा खरं तर मीच इतरांना फसवलं.

नोकरीचं तिसरं वर्ष. तेव्हा प्लॅस्टिकच्या कॅसेट नव्हत्या आमच्याकडे. तुकड्याबरोबर पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी सोडायची. पेन्सिलीने, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. त्या दिवशी एकाच बॅचमध्ये थायरॉइड होतं आणि दुभत्या बकरीच्या कासेतली दूधग्रंथी होती. मेणात घालताना चिठ्ठ्या बदलल्या. मला पत्ताच नाही. वीसएक स्लाइड्स झाल्या, थायरॉइड म्हणून पेट्यांत गेल्या, पोरांनी चित्रं काढली, सह्या झाल्या. अख्खं वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी बीडकडची एक मुलगी, चष्म्याची, बोलायला फार लाजायची, प्रॅक्टिकल संपल्यावर आली. “ताई, थायरॉइडला डक्ट असते का?”

“नसते,” मी म्हणाले. एवढं मलाही माहीत होतं. स्राव सरळ रक्तात जातो, नळी कशाला हवी.

“मग ही काय आहे?”

मी डोळा लावला. गोल पोकळ्या, आत गुलाबी ऐवज, वरवर थायरॉइडच. पण तिने पॉइंटर नेऊन ठेवला होता तिथे, दोन खंडांच्या मधल्या तंतूंच्या पट्टीत, एक मोठी नळी होती, दुहेरी थराच्या अस्तराची, स्वच्छ. एकदा ती दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. थायरॉइडच्या गोलांत ऐवज एकसारखा, गुळगुळीत, आणि जवळपास प्रत्येक गोलात भरलेला. इथे काही पोकळ्या भरलेल्या, काही रिकाम्या, आणि ऐवजात गोल गोल छिद्रं. दुधातली चरबी झायलीनने नेलेली. पट्ट्यांनी पाडलेले खंड तर थायरॉइडमध्ये इतके ठळक नसतातच. मी सरांना बोलावलं. ते डोळा लावून बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “अरे, ही तर दूधग्रंथी.” आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मी सगळ्या पेट्या उलट्या केल्या.

त्या मुलीला मायक्रोस्कोपी फार येत होती असं नाही. तिने लेबल वाचलं, पण त्याच्यावर विसंबली नाही. म्हणून सराव करताना लेबलावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. आधी वहीत दिसलेलं लिहा, साध्या शब्दांत: “नळी, आत उभ्या पेशी, बाहेर दोन थर गुलाबी.” मग नाव. मग पट्टी काढा. चुकलं तर ४ च्या भिंगावर परत जा आणि काय निसटलं ते शोधा, पुस्तक नंतर.

चित्रही तसंच काढायचं. गुलाबी-जांभळी पेन्सिल घेतली की पोरं रंगपंचमी खेळतात. आधी ४ वरचं पूर्ण चित्र, फक्त थर आणि त्यांची जाडी. पेशी एकही नको. त्याच्या शेजारी छोटा चौकोन करून ४० वरचा तुकडा. केंद्रकं जांभळी, पण जिथे विरळ तिथे विरळच ठेवा. दोन ओळखीच्या खुणांना बाण, कारण परीक्षेत त्याच दोन लागतात.

स्पॉटिंगच्या दिवशी घंटा वाजते, पुढच्या स्टेशनवर जायचं, पुन्हा घंटा. स्टेज हलवायचा नाही, पॉइंटर बिघडतो आणि मागच्याचं नुकसान होतं. फक्त बारीक स्क्रू. आयपीसला डोळा लावण्याआधी स्लाइडवर उघड्या डोळ्यांनी एक नजर टाका, ती कोणी अडवत नाही. सुचलं नाही तर नाव मोकळं सोडून दिसलेल्या दोन गोष्टी लिहून ठेवा. पुष्कळदा तिसऱ्या स्टेशनवर पोचल्यावर पहिल्याचं नाव आठवतं, पण तोवर चित्र डोळ्यांसमोरून गेलेलं असतं. लिहिलेल्या दोन ओळी तेवढ्या हातात असतात.

त्या चुकलेल्या स्लाइड्समधली एक मी ठेवून घेतली होती. ब्लेडने लेबल खरवडलं आणि थायरॉइडच्या शेजारच्या खाचेत ठेवली. निवृत्त झाले तेव्हा नव्या टेक्निशियनला चाव्या देताना ती दाखवली. त्याने उजेडाकडे धरली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि विचारलं, “ताई, ही कशाची?”

“तूच सांग,” म्हटलं, आणि स्टूल पुढे केलं.